शनिवारचं विरजण

माणूस जातो, पण त्याच्या हातची चव अमर असते. हे थोर वचन मनातल्या मनात म्हणत तराजूसाहेबांनी फ्रीजरमधली वाटी सिंकमध्ये उपडी धरली आणि तिच्या पाठीत दोन चापट्या हाणल्या. अमरत्व वाटीला घट्ट चिकटून बसलं होतं.

"गरम पाण्यात धरा ना, बाबा," मुलगी म्हणाली. ती कालच दोन दिवसांसाठी आली होती आणि आल्यापासून घर आवरत सुटली होती.

"तुझी आई चापट्याच मारायची."

वजनमापे खात्यात तेहेतीस वर्षं दुकानादुकानांतले तराजू तपासल्यामुळे साहेबांना हे नाव पडलं होतं. बायकोचा नेम असा, की आठवड्याचं उरलंसुरलं, म्हणजे भात, कोबीचे देठ, बटाटे, पावाच्या कडा, सगळं शनिवारी जाड बुडाच्या पातेल्यात घालायचं, त्याचं सूप करायचं आणि त्यातली एक वाटी पुढच्या शनिवारच्या सुपात घालायला गोठवून ठेवायची. "विरजण आहे ते," ती म्हणायची. सुपाला विरजण लागत नाही हे साहेबांना ठाऊक होतं. पण बायकोला खात्याचे नियम लागू नव्हते.

ती गेली तेव्हा फ्रीजरमध्ये एक वाटी होती. त्यानंतर तीस शनिवार साहेबांनी ते विरजण मोडू दिलं नाही.

भीती वाटायला लागली ती त्यातूनच. दहा वाट्यांच्या पातेल्यात जुनी वाटी एकच. म्हणजे पहिल्या शनिवारी तिच्या हातचा दहावा हिस्सा, दुसऱ्या शनिवारी शंभरावा. दहाव्या शनिवारपर्यंत, मापाने बोलायचं तर, त्यात ती थेंबभरही उरली नव्हती. चव मात्र तसूभर हलली नाही. जिभेच्या मागे रेंगाळणारी, किंचित कडू, धुरकट. एकदा त्यांनी मुद्दाम नुसतं गाजर आणि शिळा पाव उकळला. तीच चव. मिठाशिवाय केलं. तीच. एका संध्याकाळी झाकण ओट्यावर ठेवून ते हात धुवायला वळले, परत बघतात तर झाकण पातेल्यावर. "मीच ठेवलं असेल," असं त्यांनी मोठ्याने म्हटलं. मोठ्याने म्हटलं ही चूक झाली, कारण झाकण खडखडलं.

तेव्हापासून ते ओट्याकडे पाठ करेनासे झाले, आणि दर शनिवारी दुपारी न्हाव्याकडे जाऊन दाढी करून येऊ लागले. सूप उकळायला लागलं की उजव्या खांद्यामागे कोणीतरी श्वास घ्यायचं. "अहो, आच कमी करा" म्हणायच्या आधी घ्यावा तसा. म्हणायचं मात्र कोणी नाही. साहेबांच्या अंगावर काटा यायचा. पण खरी धास्ती त्यांना आठवडाभर वेगळीच असायची: या शनिवारी कोणी आलंच नाही तर?

वाटी सुटली. गोठलेला गोळा पातेल्यात गडप झाला.

"तू बाहेर बस," साहेब म्हणाले. "इथे गर्दी चालत नाही."

"कोणाला?"

"सुपाला."

मुलीने बापाकडे नीट निरखून पाहिलं आणि ती दारापर्यंतच गेली.

खिडकीच्या काचा वाफेने पांढऱ्या झाल्या. झाकण एकदा हललं. "अगं, लेक आलीय," साहेब हळूच म्हणाले आणि त्यांनी पळी तोंडाला लावली.

खांद्यामागे कोणी श्वास घेतला नाही.

त्यांनी पुन्हा चाखलं. गाजर होतं, बटाटा होता, मिरी होती. हजेरीपटावर सही करून बसल्यासारखा एकेक जिन्नस आपापल्या जागी. पातेल्यात या जिन्नसांखेरीज कोणी नव्हतं.

"तू काय घातलंस यात?"

"अहो बाबा, मी कशाला घालू? तुम्ही दाढीला गेलात तेव्हा तुम्ही भरून ठेवलेलं काढून पातेलं तेवढं घासलं आणि होतं ते परत भरलं. केवढा काळा थर होता बुडाला! आई शनिवारी मावशीशी फोनवर बोलत बसायची आणि खाली लागायचं. वर्षानुवर्षांचं साचलेलं. दोन तारेच्या घासण्या कामाला आल्या, हात भरून आले माझे. पण आता कसा आरसा झालाय!"

साहेबांनी पळी बुडापर्यंत नेऊन फिरवली. तिथे ती नेहमी खरखरायची, मध्येच अडायची. आज सबंध गोल फिरली, कुठेही न अडता. दर शनिवारी वर येत होतं ते तिथलं, त्या करपलेल्या थरातलं, थोडं थोडं सुटून. विरजण वाटीत कधी नव्हतंच. वाटीने आज नऊ वाट्यांपुढे हात टेकले होते.

त्यांनी ओट्याकडे पाठ केली. काही झालं नाही.

"बिघडलं का हो, बाबा?" मुलीचा आवाज उतरला. "माझं काही चुकलं का?"

साहेबांनी नोकरीत कधी खोटा दाखला दिला नव्हता.

"नाही," ते म्हणाले. "चांगलं झालंय. बस, वाढतो."

सूप खरंच चांगलं झालं होतं. लहानपणापासून ते नाक दाबून संपवणाऱ्या मुलीने दोनदा वाढून घेतलं.