रईसभाईंचा कान

"पुन्हा लावा," साबिरा म्हणाली.

रईसभाईंनी फोनवरचा इंजिनचा आवाज पुन्हा लावला. मेथी निवडता निवडता तिनं मान तिरपी केली.

"वरतून येऊन राह्यला. टिकटिक. शिलाई मशीनवानी."

"रेस देल्ल्यावर?"

"मंग जल्दी जल्दी टिकटिक."

रईसभाईंनी फोन तोंडाशी धरला. "टॅपेट ढिले झाले भाऊ. इंजिन थंड असताना गॅप लावा. बाकी कायलेच हात नका लावू."

जुन्या जीपवाल्यांच्या त्या ग्रुपवर दीडशे माणसं होती. डॉक्टर, ठेकेदार, मास्तर, सगळे हौशी. इंजिनातलं आपल्यालाच कळतं असं प्रत्येकाला वाटायचं. एक म्हणे नोझल, दुसरा म्हणे पंप, तिसरा तर गाडीच विकायला सांगे. मग कुणीतरी लिही, थांबा, रईसभाईंना ऐकू द्या. की सगळे गप्प. मूल गावी राइस मिलमागच्या गॅरेजात या माणसानं चाळीस वर्षं काढली होती, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून.

तो कान तीन वर्षांपूर्वीच गेला होता, आणि दुसराही. हे घरातल्या नवरा-बायको दोघांनाच ठाऊक. समोरच्याचं बोलणं ओठांवरून कळायचं, गॅरेजात इंजिनवर हात ठेवून भागायचं. फोनवर हात कुठं ठेवणार? फोनमधून त्यांना नुसती घरघर यायची. म्हणून साबिरा ऐकायची आणि ते सांगायचे. शाबासकी त्यांना मिळायची. साबिराला त्याचं काही नव्हतं. निदान ती तसं म्हणायची.

लेकीच्या, अंजुमच्या बाळंतपणाला ती कोरपन्याला गेली. जाताना बजावून गेली, "तब्येत ठीक नाई म्हणून सांगा."

दोन दिवस त्यांनी तसंच सांगितलं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी लिहिलं, 'भाई आता थकले वाटते.' ते त्यांना झोंबलं. त्याच दुपारी बुधूनं जीपचा आवाज पाठवला, खाली प्रश्न लिहिला. बुधू मुलचेऱ्याच्या पलीकडचा. त्याची जीप हौसेची नव्हती. गावातली माणसं बाजाराला न्यायची, त्यावर त्याचं घर चालायचं.

'रईसभाऊ, आवाज करून राह्यली. उद्या बाजार हाय. काढू का गाडी?'

रईसभाईंनी फोन कानात खुपसून तीनदा ऐकलं. घरघर. जुन्या गाडीत दहातल्या नऊ वेळा टॅपेटच असतात, आणि टॅपेट वाजत असले तरी गाडी महिनाभर चालते. ते बोलून गेले, "टॅपेट हाये. बाजार करून ये, मंग पाहू."

ग्रुपवर पटापट अंगठे आले. फार बरं वाटलं त्यांना.

दुसऱ्या दिवशी जंगलाच्या रस्त्यावर पिस्टनचा रॉड तुटला आणि इंजिन फोडून बाहेर आला. कुणाला लागलं नाही. चौदा माणसं डोक्यावर ओझी घेऊन घरापर्यंत चालत गेली. बुधूनं ग्रुपवर चकार शब्द काढला नाही. फक्त रईसभाईंना फोटो पाठवला, खाली लिहिलं, 'मीच जोरात चालवली असन भाऊ.'

साबिरा परतली तेव्हा त्यांनी तो आवाज लावला.

"खालतून ठोकून राह्यला," ती लगेच म्हणाली. "हा रॉड हाय. गाडी जागच्या जागी बंद करा म्हणा. कोणाची हाय?"

रईसभाईंनी तिला फोटो दाखवला.

"सांगून टाकतो सगळ्यायले."

"लोक हसतीन. नाव जाईन तुमचं."

"बुधूची गाडी गेली न वो! नाव घेऊन काय करू मी?"

त्यांनी बटण दाबलं. "मी रईस बोलतो. मले ऐकू येत नाई. तीन सालापासून तुमच्या गाड्या माह्यी बायको ऐकते. बुधूची मी ऐकली. म्हणून गेली."

कुणी हसलं नाही. कुणी काही लिहिलंही नाही. त्यानंतर ग्रुपवर एकही आवाज आला नाही.

चार दिवसांनी बुधूनं जीप ट्रॅक्टरला बांधून आणली. रईसभाईंनी एक जुनं इंजिन मिळवलं, उघडून नीट केलं, आठ दिवस खपून जीपमध्ये बसवलं. बुधूनं चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, बॉनेटवरच्या हाताला ते कळलं.

बुधूनं खिळ्यावरचा लांब स्क्रूड्रायव्हर काढला. सवयीनं रईसभाईंनी हात पुढं केला. बुधू त्यांच्या बाजूनं निघून गॅरेजला लागून असलेल्या घराच्या दाराशी गेला.

"बाई, तुमी ऐका."

साबिरानं ओढणीला हात पुसले आणि नवऱ्याकडं पाहिलं. रईसभाई बाजूला सरकले. तिनं टोक इंजिनला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. रईसभाई तिच्या चेहऱ्याकडं बघत उभे राहिले.