निघोजे फीडरचे हस्तांतरण

शासनाची संस्था एका स्वाक्षरीने दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते. परंतु तिच्या भरवशावर विजेच्या खांबावर चढलेल्या माणसाचा भार त्या क्षणी कोणाच्या शिरी असतो, हे त्या कागदावर लिहिलेले नसते. चाकणच्या उपकेंद्रात दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी यंत्रचालक विजयश्रीने निघोजे फीडरच्या, म्हणजे त्या भागाला वीज पुरवणाऱ्या वाहिनीच्या, बंद स्विचवर तळहात ठेवला, आणि तो काढला नाही.

"मॅडम, हात काढा," सुजित म्हणाला. ज्या खासगी कंपनीकडे त्या दिवशी चार वाजता वीजवितरण सोपवले गेले, तिचा तो अधिकारी. "स्क्रीनवर बघा. या फीडरवर कुणाचंही काम चालू नाही."

"तुमची स्क्रीन चार वाजता सुरू झाली, साहेब. आमचे वायरमन कोंडीराम तीनलाच परमिट घेऊन गेलेत."

परमिट म्हणजे वाहिनी बंद ठेवल्याची लेखी हमी. ती खिशात ठेवून वायरमन खांबावर चढतो, आणि काम संपल्यावर तोच कागद सही करून स्वहस्ते परत आणतो. तोवर स्विच चालू करायचा नाही, हा येथील बावीस वर्षांचा रिवाज. परंतु परमिटांची नोंदवही चारच्या ठोक्याला लाखेची मोहोर लावून बंद झाली होती, आणि तिच्यातील नोंदी नव्या संगणकात चढवायच्या राहून गेल्या होत्या.

टेबलावरचा फोन थांबत नव्हता. सुजितने त्याकडे बोट दाखवले.

"अकरा कारखाने बंद पडलेत. पहिल्याच दिवशी वरती काय सांगू मी? बाईंना भीती वाटते म्हणून?"

"वाटते," ती म्हणाली.

"तीन महिने कामावर ठेवायच्या लोकांच्या यादीत तुमचं नाव आहे ना? नंतर ठेवायचं की नाही, ते ठरायचंय."

विजयश्रीच्या पतीचा कारखाना गतवर्षी बंद पडल्यापासून घर तिच्या एकटीच्या वेतनावर चालत होते. तिने स्विचची मूठ आणखी घट्ट धरली.

सुजितने कोंडीरामला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"खांबावरून उतरलात का?"

पलीकडून उत्तर आले.

"व्हय साहेब. मी खालीच हाय."

"ऐकलंत, मॅडम? आता तरी?"

आवाज कोंडीरामचाच होता. तिने हात काढला नाही.

"कागद हातात येऊ द्या."

"माणूस स्वतः बोलतोय, आणि तुम्हाला कागद हवाय! तुम्ही आदेश नाकारला, असं वरती लेखी द्यावं लागेल मला."

"द्या."

तो लिहू लागला. आपले नाव त्याच्या बोटांखाली अक्षर-अक्षर उमटताना ती पाहत राहिली.

काही वेळाने कुंपणापाशी मोटारसायकल करकचून ब्रेक लावत थांबली. हेल्मेटसकट कोंडीराम आत आला. हातातल्या परमिटावर सही नव्हती.

"लाइन चालू तर न्हाई ना केली?"

"नाही."

तो भिंतीला टेकून खाली बसला.

"म्या खालीच हुतो, ताई. गुडघा धरला, म्हून समाधानला चढवलं. ठेकेदाराचा माणूस. त्याला चढवायची परवानगी न्हाई, म्हून साहेबांपुढं बोललो न्हाई. फोन ठेवला आन् ध्यानात आलं, आता लाइन चालू करत्याल. त्याला उतर म्हून ओरडलो. पर तारांमधी हाय त्यो, येळ लागतो. हितं फोन लावला तर लागंना."

टेबलावरचा फोन अजून वाजतच होता. सुजितने रिसीव्हर उचलून बाजूला ठेवला. त्याने खालच्या आवाजात विचारले,

"समाधानचं पूर्ण नाव काय?"

कोंडीरामने मान खाली घातली. त्याला ते ठाऊक नव्हते.

तिघेही दाराकडे पाहत थांबले. ज्याचे नाव जुन्या वहीत नाही आणि नव्या संगणकातही नाही, तो सुखरूप भूमीवर येवो; आणि भयाने का होईना, ज्यांनी त्याची वाट पाहिली, त्यांचेही कल्याण होवो.