पाणी कुणी काढलं?

शलाकाच्या वडिलांनी, जगदेवरावांनी, बडोद्याजवळ करजणकडच्या पाणी तुंबणाऱ्या काळ्या जमिनीत चर खणून कापूस उभा केला होता. त्या कापसाची मिजास त्यांनी जन्मभर मिरवली. पाण्याला वाट करून द्या, जमीन आपोआप सुधारते, हे ते लग्नात सांगत, बारशात सांगत, कुणाच्या तेराव्यालाही सोडत नसत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि शहाण्णव साली एका परदेशी कंपनीने त्यांना बोर्निओच्या दलदलीत भातासाठी कालवे खणायला नेलं. त्यांच्या सुभानपुऱ्यात घरोघरी पेढे गेले. तेव्हा नुसतं 'फॉरेन' म्हटलं तरी बडोद्यात मान वाढायचा.

अहो, पण ती काळी जमीन नव्हती, खरं तर मातीच नव्हती! हजारो वर्षांचा पाला आणि मुळ्या पाण्यात साचून राहिलेल्या, आणि त्यावर जंगल उभं. पाणी होतं तोवर ते टिकलं होतं. हे महाशय करजणच्या हिशेबानेच खणत सुटले. पाणी कालव्यांतून नदीला गेलं, पुढच्याच वर्षी पाऊस रुसला, आणि तो वाळलेला थर गोवरीसारखा पेटला. वरून विझवावं तर आत धुमसत राही.

आता खापर फोडायला कुणीतरी हवंच. कंपनीने इद्रिसचं नाव पुढे केलं. त्याने काठावर मासे भाजायला चूल पेटवली, म्हणून जंगल जळलं म्हणे! चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय? हा इद्रिस जगदेवरावांचा नावाडी. ते तापाने फणफणले होते तेव्हा त्याच्या बायकोने त्यांना चमच्याने पेज भरवली होती. आणि तो तिकडे तुरुंगात पडला, तेव्हा हे बडोद्याला परत येऊन झोपाळ्यावर बसले होते.

शलाका कॉलेजात भूगोल शिकवायची. कालव्यांनी जमीन वाळली नसती तर एका चुलीने एवढं जंगल जळणं शक्य नव्हतं, हे तिला स्वच्छ दिसत होतं. इद्रिसच्या वकिलाला एवढाच जबाब हवा होता, आणि तोही कालवे खणणाऱ्या इंजिनिअरचा. ती वडिलांच्या मागे लागली, रडली, भांडली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

"आग मी लावली नाही," जगदेवराव म्हणाले.

"पाणी कुणी काढलं, बाबा?"

ते उठले आणि टीव्हीचा आवाज मोठा करून बसले. बापलेकीचं बोलणंच बंद झालं.

मग मराठी मंडळाने त्यांचा सत्कार ठेवला. शाल पडली, श्रीफळ हातात आलं. जगदेवराव माईकपाशी गेले आणि त्यांचा आवाज फुटेना. "ते जंगल मी जाळलं," ते म्हणाले. "एक गरीब माणूस माझ्यापायी आत आहे." शलाकाचे डोळे भरून आले. शेवटी माझाच बाप, असं तिला वाटलं.

तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष गोविंदराव उठले. एवढं मोठं काम करून दोष स्वतःकडे घेणारी माणसं आता राहिली नाहीत, असं ते गहिवरून म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. जगदेवराव गोंधळून बघत राहिले. मग हळूच त्यांनी हात जोडले.

घरी आल्यावर शलाकाने जबाबाचा विषय काढला.

"आता आणखी कशाला? सगळ्यांदेखत बोललो ना," ते म्हणाले. "मन कसं हलकं झालं."

"बाबा, इद्रिसला मराठी येत नाही."

त्यांनी शालीची नीट घडी घातली आणि कपाटात ठेवली.

त्यानंतर त्यांना ठिकठिकाणांहून बोलावणी येऊ लागली. 'मी जाळलेलं जंगल' हे त्यांचं व्याख्यान लोकांना फार सरस वाटायचं. नेमक्या त्याच वाक्याला त्यांचा आवाज कापायचा आणि बायका डोळे टिपायच्या.

इद्रिसला शिक्षा झाल्याचा वकिलाचा फोन आला तेव्हा जगदेवराव आरशासमोर कोटाची बटणं लावत होते. शलाकाने त्यांना सांगितलं.

"अरेरे," ते म्हणाले. खरंच वाईट वाटलं त्यांना. "बघ गं जरा, व्याख्यानाला न्यायला गाडी आली का?"