उन्हाचं गाठोडं

माय ओलं दुपटं झटकायची तेव्हा अंगणातल्या चिमण्या भुर्रकन उडत, उडालेल्या थेंबांत क्षणभर ऊन चमके, आणि मग ते चिमुकलं वस्त्र दोरीवर निमूट वाळत राही.

श्रावणातलं शहादं म्हणजे दोन सरी आणि दिवसभर चटका. पण तिथून निळसर दिसणाऱ्या सातपुड्यावर, तोरणमाळला, त्याच वेळी धुकं घरात शिरून ठाण मांडी. भिंतींना पाणी सुटे, डब्यातलं मीठ विरघळे, धुतलेला कपडा आठवडाभर ओलाच राही. माझी थोरली बहीण, अक्का, तिथल्या आश्रमशाळेत शिक्षिका होती. माहेरचं बाळंतपण आटोपून ती तान्ह्याला घेऊन वर गेली, आणि पाऊस लागताच सकाळच्या एसटीने तिची ओली दुपटी खाली येऊ लागली. माय ती वाळवी, गालाला लावून पाही आणि दुपारच्या गाडीने ऊब असतानाच परत धाडी. "मावशी, आज ऊन भलतं जड शे," म्हणत कंडक्टर गाठोडं उचली.

बाळाला खोकला होता. त्याला माझ्याकडे ठेव, असे निरोप धाडून माय थकली. अंगावर पिणारं लेकरू तोडायला अक्का तयार नव्हती; तिचं उत्तर एकच: "तो आंगवर पेस, कसा ठेऊ?"

मग घाटात दरड कोसळली. वाळलेलं गाठोडं ओट्यावर पडून राहिलं. माय रोज ते सोडी, कोरड्या दुपट्यांना पुन्हा ऊन दाखवी, पुन्हा बांधी. तिचे हात इतके थकलेले मी कधी पाहिले नव्हते.

रस्ता मोकळा झाला त्या दिवशी गाडीतून अक्काच उतरली. खोकून मलूल झालेलं बाळ तिने मायच्या मांडीवर ठेवलं. "याले तुनाकडेच ठेव आते, माय." आणि नोकरीवर एकटीच परतली.

उन्हात, वरच्या दुधावर बाळ सावरलं. माय सुखावली; खोटं कशाला सांगू, मीही. पुढच्या गाठोड्यात अक्काची पोलकी आली. मायने सवयीने एक गालाला लावलं आणि ते तसंच धरून ती ओट्यावर बसली. धुऊनही त्याला दुधाचा आंबूस वास येत होता; वर अक्काचा पान्हा अजून आटला नव्हता. त्या दुपारी मायच्याने ती पोलकी बांधवली नाहीत; गाडी आमचं गाठोडं न घेताच गेली.

माय जाऊन वर्षं लोटली. त्या दोरीवर ऊन अजून रोज उतरतं, आणि ते पाहताना मला वाटतं, लेक आणि नातू दोघांना एकदम पुरेल एवढं ऊन मायजवळ तेव्हा नव्हतं, आणि काळाने ते तिला पुढेही कधी दिलं नाही.