विहीणबाईंनी उचललेली प्रार्थना

बेकरीवाल्याचं घराणं फार जुनं ख्रिस्ती. पश्चिमेची जहाजं किनाऱ्याला लागण्याच्या कितीतरी आधीपासून त्याचे पूर्वज पूर्वेकडच्या एका प्राचीन भाषेत प्रार्थना गात आले होते. तरी शेजारी त्याला 'साहेबाच्या धर्माचा' म्हणत, आणि परदेशी पाहुणे हमखास विचारत, की तुम्ही धर्म कधी बदललात? तो हसून गरम पाव पुढे करी.

अशात मुलीनं लग्न ठरवलं ते पश्चिमेकडच्याच मुलाशी. चर्चमध्ये गाणं उचलायचा मान पिढ्यान्‌पिढ्या याच घराचा. पण बायकोनं बजावलं, की व्याह्यांपुढे आपली ती लांबलचक, हेल काढलेली प्रार्थना नको, आपण गावंढळ दिसू. मग बिचारा पीठ मळतामळता त्यांच्याकडचं लग्नगीत घोकू लागला. चाल काही केल्या गळ्यात बसेना. भट्टीवरचे कामगार गालातल्या गालात हसत.

लग्नाला चर्च गच्च भरलं. बेकरीवाल्यानं घसा खाकरून परक्या भाषेतली पहिली ओळ उचलली. नेमक्या त्याच क्षणी पलीकडच्या बाकावरून विहीणबाई उठल्या आणि डोळे मिटून त्याच्या पणजोबांची प्रार्थना गाऊ लागल्या. उच्चारांचा पार भुगा झाला होता. दोघंही दचकून थांबली.

नवरीला हसू आवरेना. सासूबाई कित्येक महिने फोनवर तिच्याकडूनच शिकत होत्या. इकडे बाबांना लग्नगीत शिकवणारीही तीच. कुणाला सांगणार नाही, असं वचन तिनं दोघांनाही दिलं होतं.

विहीणबाई काहीतरी पुटपुटल्या. नवरीनं ते मोठ्यानं सांगितलं, "त्या म्हणतात, एवढ्या लांब आले ती काय माझंच गाणं ऐकायला?"

मग अर्ध्यावर सुटलेली प्रार्थना उचलली ती बायकोनं, जिनं ती नको म्हटलं होतं तिनंच. बेकरीवाल्याचा गळा असा मोकळा झाला की फादरसुद्धा ताल धरू लागले. विहीणबाई चुकत होत्या, पण आवाज सगळ्यांच्या वर. त्यानंतर त्यानं लग्नगीतही म्हटलं, आपल्याच हेलात, आणि नवऱ्याकडच्यांनी ते पुन्हा म्हणायला लावलं.

पुढे नातीच्या बाप्तिस्म्याला पहिलं गाणं कोणतं, यावरून बेकरीवाला आणि विहीणबाईंत चांगलीच जुंपली. दोघंही दुसऱ्याचं गाणं आधी व्हावं म्हणून हटून बसली होती.