चार नंबरची मशीन आणि लाडकीची बाही

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे, पालघरच्या शिवणवर्गातली चार नंबरची. लुधियानाला घडले, मालगाडीने आले आणि चौऱ्याहत्तर साली मला खिडकीपाशी मांडलं. अंगावर सोनेरी वेलबुट्टी होती, ती केव्हाच पुसली गेली. पोरी यायच्या, सुया मोडायच्या, माझ्या नावाने बोटं मोडायच्या आणि कोर्स संपला की जायच्या. पुढे पुढे मला त्याचं काही वाटेनासं झालं. लोखंडाला काय वाटायचं म्हणा.

शहाऐंशीच्या जूनमध्ये केळव्याची लाडकी माझ्यासमोर बसली. बाप नारळाच्या वाडीत कामाला. थोरली बहीण हंसा तारापूरच्या एका कपड्यांच्या कारखान्यात धागे कापायची, दिवसभर उभ्याने. तिथे मशीनवर बसवायचे ते फक्त सर्टिफिकेट असलेल्या बायकांना. लाडकीला बसून काम हवं होतं, एवढंच तिचं मागणं. पोरीचा हात मात्र खरंच चांगला होता. बाहीचा गोल असा बसवायची की एक चुणी पडायची नाही. आमच्या पुष्पलताबाई तिची बाही उलटून इतर मुलींना दाखवायच्या.

दिवाळीच्या आधी वर्गातलं मशीनचं तेल संपलं. ते आणायचं काम बाईंचं. त्या आज आणते, उद्या आणते करत राहिल्या. इतर मुली कोरड्या मशीनवर खडखडाट करत बसल्या, पण लाडकीला ते बघवेना.

"बाई, घरचं खोबरेल हाय. घालू?"

बाई हजेरी लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "घाल. तेल ते तेल."

केळव्याच्या पोरीला खोबरेलावाचून दुसरं काय सुचणार? डोक्याला तेच, दिव्याला तेच, दाराच्या बिजागरीलाही तेच. दर शनिवारी ती छोट्या बाटलीतून माझ्या प्रत्येक भोकात थेंब थेंब सोडायची आणि फडक्याने पुसायची. इतक्या मायेने मला कुणी हात लावला नव्हता. मी लोण्यासारखी चालू लागले. खोटं कशाला बोलू, मला सुख वाटलं.

जानेवारीत परीक्षा आली. चार तासांत ब्लाऊज बेतून, कापून, शिवून द्यायचा. त्या सकाळी पालघरला कधी नव्हे ती थंडी होती. घरात बाटलीतलं खोबरेल थिजतं ना, तसं ते माझ्या पोटात थिजलं होतं, आधीच्या थरांवर चिकटून. लाडकीने पायडलवर पाय ठेवला आणि मी हललेच नाही. तिने दोन्ही पायांनी जोर लावला, तेव्हा पट्टा नुसता घसरला. मला सगळं दिसत होतं, पण माझं अंग माझं राहिलं नव्हतं. तिने दोरा तीनदा ओवला, सुई बदलली, बॉबिन काढून पुन्हा बसवली. तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय.

"दुसरी मशीन मिळंल का साहेब?" तिने परीक्षकांना विचारलं.

"सगळ्यांवर मुली बसल्यात," ते म्हणाले. "आहे त्यावर कर."

अकराच्या सुमाराला खिडकीतून ऊन आलं आणि मी हळूहळू सैल झाले. मग ती पोर कशी शिवत होती म्हणून सांगू! पण वेळ संपली तेव्हा एक बाही तिच्या हातातच राहिली होती. परीक्षकांनी ब्लाऊजला चिठ्ठी टाचली आणि तो पेटीत टाकला.

आठ दिवसांनी भिका मिस्त्री आला. त्याने मला खोललं, बोटाने पिवळी खळ काढली आणि बाईंना दाखवली. "बाई, खोबरेल घातलाय हिच्यात. थंडीत जाम झाली. पोरीचा काय दोष नाय."

बाईंनी ती बघितली आणि पुन्हा हजेरी लिहायला घेतली. भिकाने मला रॉकेलने धुतलं आणि तो गेला.

निकालाला लाडकी आली. कागद बघितला, नापास. रडली नाही, काही नाही. तिने विचारलं, "बाई, माझा हातच नाय का शिवणाचा?"

मी खडाखडा बोलले असते हो! बाईंनी कागदाची घडी घातली, परत तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "होतं असं. सगळ्यांनाच जमतं असं नाही."

तेवढ्यावर पोर निघून गेली. हंसाशेजारी उभी राहून ती धागे कापते, असं पुढे वर्गात कानावर आलं. पुन्हा म्हणून कुठल्या मशीनवर बसली नाही.

आता मी अडगळीत आहे. पाय गंजले आहेत, चाक फिरत नाही, आणि त्याचं मला फारसं दुःखही होत नाही. मला तेल घाला, पुसा, असं काही मी मागणार नाही. पण मित्रांनो, तुमच्यासमोर कुणी हरलं आणि ते का हरलं हे तुम्हाला ठाऊक असेल, तर त्याला तेवढं सांगा. मला तोंड नव्हतं. बाईंना होतं.