लेन दाढी करताना गुणगुणायचा, ते गाणं

मी एका जुन्या बोलपटाची फीत बोलतेय. अख्खा बोलपट नव्हे, त्याचं फक्त पाचवं रीळ. जेमतेम दहा मिनिटांचा ऐवज. आणि बोलतेय म्हणायचं ते आपलं. मला आवाज नाही. माझा आवाज एका वेगळ्या तबकडीवर होता, तिचं काय झालं ते पुढे येईलच. माझं नावही मला ठाऊक नाही. नाव पहिल्या रिळावर असतं, आणि ते केव्हाच जळून गेलं. माझ्या डब्यावर कुणीतरी पेन्सिलीने 'आयरिश पिक्चर, पाच' एवढंच लिहून ठेवलंय.

माझा जन्म अमेरिकेतला. बोलपट नुकते कुठे बोलायला लागले होते, आणि जो तो गाण्यांचा बोलपट काढत सुटला होता. आमचं आयर्लंड कॅलिफोर्नियातच उभं केलेलं. प्लास्टरच्या टेकड्या, हौदातला समुद्र, आणि मळके कपडे घातलेली गोरीगोमटी नटमंडळी. ऊना आणि फर्गस अशी प्रेमिकांची जोडी. त्यांचं कसं जमलं, कुणाचा विरोध होता, पुढे लग्न झालं की नाही, यातलं मला काही सांगता यायचं नाही. माझ्या वाट्याला फक्त निरोप आला. पहाटेची वेळ, बंदराचा धक्का. फर्गस अमेरिकेला निघालाय. बोट सुटते. ऊना गाते, मग ती बादली उचलते, घरी परत जाते आणि चूल पेटवते. झालं.

तेव्हा प्रत्येक रिळाबरोबर एक भलीमोठी तबकडी यायची. सुई खुणेवर नेमकी टेकवावी लागे. जरा घसरली की ऊनाचं गाणं फर्गसच्या तोंडून यायचं आणि थिएटरभर हशा पिकायचा. त्या हशाचीही मला सवय झाली होती.

अमेरिकेत फिरून फिरून अंगावर ओरखडे पडल्यावर आम्हाला बोटीत घालून न्यूझीलंडला धाडलं. चित्रपटांच्या वाटेवरचं हे शेवटचं ठिकाण. याच्यापुढे कुणी नेत नसे. वाइकाटो प्रांतातल्या दूधवाल्यांच्या एका लहानशा गावात आमचे शेवटचे खेळ झाले. मग कंपनीचा निरोप आला, परत पाठवू नका, भाडं परवडत नाही, जाळून टाका.

जाळायचं काम लेनकडे आलं. लेन कोस्टेलो, थिएटरात मशीन चालवणारा तरुण. आजोबा आयर्लंडहून आलेले, त्यामुळे गावात सगळे त्याला या पिक्चरवरून चिडवायचे. आमचे खेळ चालू होते त्या आठवड्यात बेटी नावाची एक मुलगी रोज त्याच्या मशीनच्या खोलीत येऊन बसायची. तिच्या घरच्यांनी सिडनीला बिऱ्हाड हलवायचं ठरवलं होतं. पाचवं रीळ लागलं की ती उठून मशीनजवळ उभी राहायची. लेन तिच्याकडे बघायचा नाही, सुईकडे बघायचा. मग ती गेली. लेनने थिएटरमागे खड्डा खणून बाकीची रिळं त्यात जाळली. मला आणि माझ्या तबकडीला त्याने कोटाखाली लपवून घरी नेलं.

त्यानंतर कित्येक वर्षं सांगण्यासारखं काही घडलं नाही. लेन युद्धावर गेला, परत आला. बेकरीवाल्याच्या मॉरीन नावाच्या मुलीशी त्याने लग्न केलं. थिएटर बंद पडलं तसा दूध कारखान्यात लागला. घरं बदलली, तसा माझा डबा एका फळीवरून दुसऱ्या फळीवर गेला. लेनने तो एकदाही उघडला नाही. टाकूनही दिला नाही. मी ज्या द्रव्याची बनलेय ते बारुदीच्या नात्यातलं. बंद राहिलं की आतल्या आत सडतं. मी सडत गेले. कडा चिकट झाल्या, मधूनमधून तपकिरी भुकटी पडायला लागली. माणसांना वाटतं ठेवून दिलं म्हणजे जपलं. तसं नसतं.

म्हातारपणी ती दोघं रोटोटुना या उपनगरात छोट्याशा विटांच्या घरात राहायला आली. तिथेच लेन गेला. मॉरीन आणखी काही वर्षं एकटी राहिली. मग पाय साथ देईनात, तेव्हा तिने वृद्धाश्रमात जायचं ठरवलं. ही २००६ सालची गोष्ट, इथल्या पानगळीत फिजोआची पेरूसारखी फळं झाडाखाली पडायला लागतात तेव्हाची.

शेजारी वसुंधरा आणि रमण राहायचे, पुण्याचे. ती फार्मसीत होती, तो आयटीत. त्यांची इरावती शाळेत जायची. आईबाप मराठीत विचारत आणि ती इंग्रजीत उत्तरं देई. माझं गॅरेज त्यांच्या भिंतीला लागून असल्यामुळे मला त्यांची भाषा ऐकून ऐकून कळायला लागली होती.

गॅरेज आवरायला वसुंधरा मदतीला आली. शनिवारी दुपारपर्यंत ड्यूटी करून आली होती, दमलेली दिसत होती. मॉरीन खुर्चीवर बसून सांगत होती, हे ठेव, ते टाक. माझ्या डब्याशी आल्यावर तिने मान फिरवली.

"तो डंपला जाऊ दे, डिअर."

वसुंधराने झाकण उघडलं आणि झटकन नाक दाबलं. "कॉलेजच्या लॅबमध्ये अॅसिड सांडलं की असाच वास यायचा," ती पुटपुटली. तरी तिने माझं एक टोक अलगद उचलून दाराच्या उजेडात धरलं. किती वर्षांनी उजेड! ऊना दिसली तिला. धक्क्यावर उभी, तोंड उघडलेलं.

"कुणाचं आहे हे?"

"लेनचं," मॉरीन म्हणाली. "म्हणजे लेनचंही नाही. बेटीचं."

वसुंधराने मला डंपला नेलं नाही. तिने डबा आपल्या परसातल्या शेडमध्ये, सावलीत ठेवला. रमणने इंटरनेटवर शोधलं आणि तावातावाने बाहेर आला.

"वसु, अगं वेड लागलंय का तुला? हे एकदा पेटलं की पाण्याखालीसुद्धा जळतं म्हणे! शेजारी पोरगी झोपते आपली. फायर सर्व्हिसला फोन कर, ते 'स्वीट अॅज', काही हरकत नाही, म्हणतील नि घेऊन जातील."

"जाळायलाच नेतील ना?"

"मग? दुसऱ्याच्या घरातला कचरा आहे तो."

"अरे, त्या बाईचं तोंड उघडं आहे," वसुंधरा म्हणाली. "काहीतरी म्हणतेय ती. काय ते कळायला नको?"

रमण शेडमध्ये एकदा डोकावून आला. मग म्हणाला, "पुढच्या वीकेंडपर्यंत. त्यापुढे नाही." आणि माझ्यावर ऊन येऊ नये म्हणून त्यानेच खिडकीला जुनी चादर लावली.

वसुंधराने वेलिंग्टनला, जुन्या चित्रपटांचा सांभाळ करणाऱ्या एका संस्थेला फोन केला. शुक्रवारी तिथून आरोहा नावाची बाई गार पेटी घेऊन, गाडी चालवत आली. "किया ओरा," असा माओरी नमस्कार करून तिने हातमोजे चढवले, मला जरासं उलगडलं आणि जमिनीवरच मांडी घालून बसली.

"हा बोलपट कुणाकडेच नाही," ती म्हणाली. "जगात कुठेही नाही. जुन्या जाहिराती तेवढ्या उरल्यात. याची तबकडी कुठाय?"

वसुंधराने कुंपणापलीकडे हाक मारली. मॉरीन वॉकर टेकवत आली. तबकडीचं विचारल्यावर तिने सरळ सांगितलं, "फोडली. मी फोडली. आमचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती. एक दिवस कपडे वाळत घालताना आठवण आली, आत गेले, घेऊन आले आणि पायरीवर आपटली."

"लेन काही म्हणाला नाही?" वसुंधराने विचारलं.

"तुकडे गोळा केले त्याने. मग चहा मागितला."

आरोहा डब्याचं झाकण लावू लागली. मग म्हणाली, "म्हणजे हिचा आवाज गेला."

"गेला कसला! मला पाठ आहे तो," मॉरीन वैतागून म्हणाली. "रोज दाढी करताना गुणगुणायचा. लग्नापासून मरेपर्यंत. न्हाणीघराच्या दाराबाहेर उभं राहून मी ते गाणं ऐकलंय, बेटीसाठी गायलेलं."

"मॉरीन, तुम्ही ते आम्हाला म्हणून दाखवाल? आम्ही रेकॉर्ड करू," आरोहा म्हणाली.

"तिच्यासाठी मी गाऊ?" मॉरीन म्हणाली आणि वॉकर वळवून निघून गेली.

मला वेलिंग्टनला नेलं. तिथे कितीतरी दिवस मला पुसणं, जोडणं, सुटं करणं चाललं होतं. जे हाताला लागलं की विरघळे, ते कापून वेगळं केलं. उरलेल्याची नवी नक्कल काढली. त्या लोकांचे हात हलके होते, पण मी फार थकले होते. मला वाटत होतं, आता पुरे.

हिवाळा सरता सरता एकदा वसुंधराचा फोन आला. मॉरीनला यायचं होतं. गायला नव्हे, तिने बजावून सांगितलं होतं; फक्त बघायला. आमचे खेळ झाले तेव्हा ती दुसऱ्या गावात राहणारी शाळकरी पोर होती. लेन जन्मभर काय उराशी धरून बसला होता ते तिने कधी पाहिलंच नव्हतं.

वसुंधरा तिला विमानाने घेऊन आली. तपासणीच्या खोलीत मी टेबलावर डब्यात होते आणि समोरच्या पडद्यावर माझी नक्कल. मॉरीनने कोटही काढला नाही. पर्स मांडीवर घट्ट धरून बसली.

धक्का दिसला. समुद्र दिसला. फर्गसच्या जागी पांढरे-काळे डाग नुसते उकळत होते. तो माझ्या सडक्या कडेला होता.

"मुलगा कुठाय?" मॉरीनने विचारलं.

"सडला," आरोहा म्हणाली.

मॉरीन हसली. त्या म्हातारीला मी आयुष्यात पहिल्यांदा हसताना ऐकलं. पण मग बोट सुटली आणि ऊना एकटी उरली. तिने तोंड उघडलं, आणि खोलीत काहीच ऐकू येईना. मॉरीन पुढे वाकली.

"जाणारा तो आहे?"

"हो," वसुंधरा म्हणाली. "तो अमेरिकेला चाललाय. ती राहते."

"आणि गाते ती?"

"तीच."

ऊनाने बादली उचलली, घरी गेली, चूल पेटवली, पडदा काळा झाला.

"मला वाटायचं, तो बेटीला बोलावतोय," मॉरीन म्हणाली. "हे तर मागं राहिलेलीचं गाणं आहे." तिने पर्स खाली ठेवली. "परत लाव. आणि तुझं ते रेकॉर्डिंगचं मशीन चालू कर."

वसुंधराने तिचा हात धरायला हात पुढे केला, पण तिने नुसतं थोपटून बाजूला केला. बोट सुटली. ऊनाने तोंड उघडलं आणि मॉरीन गायली. आवाज फाटका, दमा लागलेला. पण शब्द ऊनाच्या ओठांवर नेमके बसले. 'दार लोटून घेतलंय, कडी लावलेली नाही,' असं काहीसं गाणं आहे ते, ऐकायला साधंच. ऊना श्वास घ्यायची तिथे मॉरीनलाही श्वास घ्यावा लागत होता. माझाच आवाज मला ऐकू येत होता, बेकरीवाल्याच्या मुलीच्या गळ्यातून. वसुंधरा रडत होती. आरोहा मशीनवरचा काटा बघत होती, वर बघत नव्हती.

आणि मध्येच मॉरीन थांबली. पडद्यावर ऊनाचे ओठ हलतच होते.

"पुढे?" आरोहाने हळूच विचारलं.

"पुढचं मला माहीत नाही. लेन इथेच थांबायचा. रोज इथेच. मग तोंड धुवायचा."

आरोहा म्हणाली की इथून पुढे पियानो घालता येईल, करणारे चांगले लोक आहेत. मॉरीनने मान हलवली.

"नको. काही घालू नका. गप्प राहू दे तिला."

परत निघताना ती माझ्या डब्यापाशी थांबली. बोट लावू नका असं तिला सांगितलेलं होतं. तिने लावलं नाही. "बराच त्रास दिलास," एवढंच म्हणाली, आणि वसुंधराच्या खांद्याचा आधार घेऊन बाहेर पडली. पुढच्या वर्षी ती गेल्याचं वसुंधराने कळवलं. वृद्धाश्रमात ती न्हाताना गायची म्हणे, आणि नर्सने कुणाचं गाणं म्हणून विचारलं की 'माझ्या नवऱ्याचं' म्हणून सांगायची.

मी आता थंड कोठडीत आहे. माझ्यावर इलाज नाही हे इथल्या लोकांना ठाऊक आहे आणि मलाही. थंडीत सडणं सावकाश होतं, एवढंच. अधूनमधून कुणीतरी येऊन झाकण उघडतं, बिघडलेला आणखी एक तुकडा कापून जाळायला नेतं. मला त्याचं वाईट वाटत नाही. फार फिरले, फार वर्षं गुंडाळून पडले. एखाद्या दिवशी डबा रिकामा होईल, तेव्हा कुणी हळहळू नका.

नक्कल आहे, ती बघा. तिच्यात मॉरीन गाते, मग थांबते, आणि त्यानंतर बराच वेळ ती पोरगी धक्क्यावर उभी राहून आवाजाशिवाय गात राहते. लोकांना वाटतं काहीतरी बिघडलं. तिथे खुर्चीतून उठू नका. तिचं पूर्ण होऊ द्या.